गिळलेले शल्य, प्यालेला क्षार : बालरुग्णाचे पहिले दोन तास

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एका खेड्यातून अडीच वर्षांची मुलगी माझ्या चिकित्सालयात आणली गेली. भाकरी, भात खात नाही, लाळ गळते, रात्री खोकते, अंग किंचित तापलेले, एवढाच इतिहास. मुखपाक व कफज कास असे निदान करून मी मधातून सितोपलादि दिले. तिसऱ्या दिवशी दूधही उतरेना, तेव्हा क्ष-किरण चित्र काढविले. छातीच्या वरच्या भागात नाण्याएवढी गोल छाया दिसली आणि तिच्या कडेच्या आत आणखी एक वर्तुळ. ते नाणे नव्हते. रिमोटमधील चपटा सेल होता. दुर्बिणीद्वारे तो काढला गेला व मुलगी वाचली. परंतु अन्ननलिका आकसल्याने पुढे वर्षभर ती पुनःपुन्हा रुंद करून घ्यावी लागली. ‘घरातील काही हरवले आहे काय?’ हा एक प्रश्न मी तिच्या आईला विचारला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘प्रनष्टशल्यविज्ञानीय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तो मी परीक्षेपुरता वाचला होता, असेच म्हणावे लागेल.

सेल फुटून आतील द्रव्य सांडते व त्यामुळे दाह होतो, हा समज अपुरा आहे. सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल बालकाच्या अन्ननलिकेत अडकला की ओलसर श्लेष्मल त्वचेतून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूस तीव्र क्षार निर्माण होतो. थोडक्यात, कॉस्टिक सोडा तेथेच, त्या जागी तयार होत असतो. दोन तासांत खोल क्षारदग्ध व्रण होऊ शकतो. उपकरण चालवू न शकणारा ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. सेल काढल्यानंतरही ऊतींचा नाश काही काळ चालूच राहतो. म्हणून श्वासनलिकेस छिद्र पडणे किंवा महाधमनीतून रक्तस्राव होणे हे उपद्रव कित्येक दिवसांनीही उद्भवतात.

प्रत्यक्ष क्षारपानाचे रुग्णही आपल्या भागात अपरिचित नाहीत. इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेत कॉस्टिक सोडा लागतो, घरोघरी शौचालयाचे ॲसिड असते, आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत असे द्रव भरून ठेवण्याची सवय काही सुटत नाही. मूल पितेच. मग शेजारी लिंबूपाणी वा ताक पाजतात, कोणी मिठाचे पाणी देऊन ओकवतात.

येथे आम्हा वैद्यांनी अधिक सावध असावे, कारण चुकीला आधार म्हणून ग्रंथ आपल्या हाताशी असतो. अम्लाच्या संयोगाने क्षाराची तीक्ष्णता शमते, हे सुश्रुताचार्यांनी क्षारपाकविधीत सांगितले आहे व क्षारदग्ध स्थानी कांजीसारखी अम्ल द्रव्ये योजिली आहेत. परंतु तो विधी वैद्याने स्वतः, मोजून, डोळ्यांसमोर लावलेल्या क्षाराचा आहे. गिळलेल्या क्षारावर आंबट पाजल्यास उष्णता निर्माण होण्याचा व वांती होण्याचा धोका असतो. पानीय क्षारास अयोग्य व्यक्तींत त्याच अध्यायात बालकाची गणना आहे, हेही विसरू नये. वमनाचेही तसेच. विषचिकित्सेत वमन आहे खरे; पण चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अवाम्यांमध्ये बालक आहे, आणि दाहक द्रव्य वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. अंदाजाने नळी घालून पोट धुणेही तितकेच घातक.

तोंड व चेहरा पाण्याने धुवावा, भिजलेले कपडे काढावेत, पोटात काही देऊ नये, बाटली सोबत द्यावी आणि १०८ ला दूरध्वनी करावा. बालकांची एंडोस्कोपी कोठे होते, हे आधीच विचारून ठेवलेले बरे. चंदगडच्या वैद्यबंधूंना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. अशा वेळी जिल्ह्याचा अभिमान बाळगू नये. ओठांवर व्रण नाहीत म्हणून अन्ननलिका सुरक्षित आहे, असे अनुमान काढू नये.

सेलच्या बाबतीत मात्र आपला मध उपयोगी पडतो. २०१८ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत मधाने हा दाह मंदावल्याचे दिसले. बालक एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मिलिलिटर), जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा. मधासाठी प्रस्थान मात्र थांबवू नये. एक वर्षाखालील बालकास मध वर्ज्य. चाटणाची परंपरा कितीही जुनी असली तरी. कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड प्यालेल्यास मध देऊ नये.

नाण्याची गोष्ट त्या मानाने सौम्य. ते जठरात पोहोचले असेल तर बहुधा आपोआप पडते. केळी चारणे किंवा एरंडेल देणे नको. अन्ननलिकेतील नाणे मात्र काढावे लागते. लाळ गळत असल्यास तातडीने. दोन वा अधिक लोहचुंबक गिळले असल्यास तीही तातडीच समजावी, कारण ती आतड्याच्या भिंतींना मध्ये चिमटून छिद्र पाडतात. कंठात आडव्या अडकलेल्या हाडासाठी सुश्रुताचार्यांनी दोऱ्याला बांधलेला केसांचा गोळा द्रवासह गिळविण्यास सांगितला आहे. आजच्या दुर्बिणीच्या चिमट्यामागील कल्पना त्यात दिसते. पण म्हणून आज कोणी तो प्रयोग करू नये.

यष्टिमधुसिद्ध घृतासारखी रोपण चिकित्सा एंडोस्कोपी करणाऱ्या शल्यचिकित्सकाशी बोलूनच सुरू करावी. अन्ननलिकेचा संकोच अनेकदा तीन-चार आठवड्यांनी प्रकट होतो; तेव्हा घरी सोडलेले मूल घास अडकतो असे म्हणू लागले, तर त्यास अग्निमांद्य समजू नये. माझी ती रुग्णा आता शाळेत जाते. भाकरी अजूनही दुधात कुस्करूनच खाते.