ट्रस्ट केला, पण टॅक्स कोणी भरायचा?

दिग्रसहून एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. बाबांचा बाजारात एक गाळा आहे, भाडं महिना १२ हजार. तो त्यांना फॅमिली ट्रस्टमध्ये टाकायचाय. पण डीडमध्ये एक अट हवीये, 'मला वाटलं तर गाळा परत घेईन.' मग रिटर्न कोण भरणार, ट्रस्ट की बाबा?

बाबाच, राजेहो!

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६१ ते ६३ यासाठीच होती. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. मालमत्ता किंवा तिचं उत्पन्न, अगदी थोडंसं का होईना, आडमार्गानं का होईना, परत घ्यायची सोय ठेवली की ते उत्पन्न देणाऱ्याचंच. भाडं ट्रस्टच्या खात्यात जमा होत असलं तरी!

आता हिशोब. वर्षाचं भाडं १,४४,०००. नगर परिषदेचा मालमत्ता कर समजा ४,००० भरला, तर उरले १,४०,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ४२,०००. राहिले ९८,०००. हे बाबांच्या रिटर्नमध्ये घरभाड्याच्या रकान्यात जाणार आणि पेन्शन, व्याज वगैरेंत मिळवले जाणार.

लोक खरे अडकतात ते टीडीएसमध्ये. ट्रस्टचं पॅन वेगळं असतं. ट्रस्टच्या नावानं एफडी केली तर बँक व्याजावरचा टीडीएस ट्रस्टच्या पॅनवर दाखवते, आणि टॅक्स भरायचा बाबांनी! कापलेले पैसे त्यांच्या पॅनवर दिसतच नाहीत. यावर उपाय आहे. ट्रस्टनं बँकेला लेखी कळवायचं की हे उत्पन्न अमुक व्यक्तीचं आहे, हे तिचं पॅन, हे कारण. मग बँक टीडीएस त्या पॅनवर दाखवते. हे पत्र वर्ष सुरू होतानाच द्या, जुलैत धावपळ नको.

अमेरिकेत अशाच ट्रस्टला 'ग्रँटर ट्रस्ट' म्हणतात. तिथे केंद्राचा इन्कम टॅक्स वेगळा आणि बहुतेक राज्यांचा वेगळा. टेक्सासमध्ये राज्याचा नाही, कॅलिफोर्नियात आहे. आपल्याकडे भाड्यावरचा आयकर फक्त केंद्राचा. महाराष्ट्र सरकार आपला वाटा स्टँप ड्युटीत घेतं, कारण गाळा ट्रस्टला द्यायचा तर डीड नोंदवावंच लागतं.

आणि ती अट काढली तर? मग विश्वस्त लाभार्थ्यांच्या वतीनं भरतात. वाटे ठरलेले असतील तर ज्याच्या त्याच्या दरानं. वाटे मोघम ठेवले तर बहुतेक वेळा थेट सर्वांत वरच्या दरानं. लाभार्थी बायको किंवा अल्पवयीन मूल असेल, तर उत्पन्न पुन्हा बाबांकडे फिरून येऊ शकतं. सज्ञान मुलाचं तसं होत नाही.

माझं मत विचाराल तर एका गाळ्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. गाळा आपल्यामागे मुलांना मिळावा एवढंच हवं असेल तर मृत्युपत्र करा. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेत. आणि ते हवं तेव्हा बदलता येतं, म्हणजे बाबांची 'परत घेईन' वाली अटही त्यात आलीच.