गळा बदलावा, तो कागदावर

ओझरला विघ्नहराचा माघी उत्सव आटोपला, कीं लग्नसराईचें वारें वाहूं लागतें. जुन्नर-नारायणगांवच्या शिंप्यांना तेव्हां उसंत नसते. मग शिवण येणारी गृहिणी पोलक्याचा जपून ठेवलेला कागदी नमुना ट्रंकेंतून बाहेर काढते. नमुना मापाला अचूक असतो. अडतें तें एवढेंच, कीं मुलीला गोल गळा नको, चौकोनी हवा. येथेंच पुष्कळजणी कात्री थेट कापडाला लावतात, आणि आजीच्या पैठणीचा राखलेला तुकडा क्षणांत वांया जातो. कागद दुसरा मिळेल. कापलेलें कापड पुन्हां सांधत नाहीं.

मापवार कागदी नमुने विकण्याची सुरुवात अमेरिकेंत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं केली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुणें सेवासदनानें शिवणकामास स्त्रीशिक्षणांत स्थान दिलें. नमुना वापरणें आतां घरोघरीं ठाऊक आहे; तो बदलणेंही तितकेंच सोपें आहे.

मूळ नमुना तसाच राखून त्याची खाकी कागदावर नक्कल करावी. शिलाईची कड वगळून प्रत्यक्ष टीप जेथें पडणार ती रेघ काढावी. सारीं मापें तिच्यावरूनच घ्यावयाचीं. गळा रुंद करावयाचा तर खांद्याच्या रेघेवर मुंढ्याच्या बाजूस अर्धा इंच सरकून खूण करावी, व मागच्या भागावरही तितकीच. नाहीं तर खांदे जुळणार नाहींत. मुंढ्याला हात लावूं नये, कारण बाही त्यावर बसते. पुढचा गळा खोल हवा असेल तर मागचा उथळ ठेवावा. दोन्ही खोल झाले, कीं खांदे घसरतात. चौकोनी गळ्याच्या उभ्या रेघा खालीं किंचित् मध्याकडे झुकत्या घ्याव्या, म्हणजे गळा पसरट दिसत नाहीं.

खोल गळ्याची कड छातीपाशीं सैल पडते. त्यासाठीं गळ्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंत, आणि खालच्या टक्सच्या एका रेघेनें त्याच ठिकाणापर्यंत कागद कापावा. मध्यें सुतभर जोड ठेवावा. गळ्याशीं पाव इंच कागद एकावर एक चढवून चिकटवला, कीं सैलपणा जातो व खालचा टक्स आपोआप रुंद होतो.

आतां कडेचा हिशेब. सहा इंच खोल कापलेला गळा पाव इंचाची शिलाई घेतल्यावर सव्वासहा होतो. म्हणून टिपेच्या रेघेपासून गळ्याच्या पोकळीकडे पाव इंच राखूनच कापावें. आंतली पट्टीही नव्या गळ्यावरून बेतावी. जुनी पट्टी त्यास बसत नाहीं. शिवल्यावर चौकोनाच्या कोपऱ्यांत टिपेच्या अगदीं जवळपर्यंत चीर द्यावी, म्हणजे पट्टी उलटतांना कोपरा चुरगळत नाहीं. लहान मुलीच्या झग्याला पुढें-मागें उघड नसेल, तर गळ्यांतून डोकें जाईल ना, हें घेर मोजून आधींच पाहावें.

शेवटीं मांजरपाटाच्या तुकड्यावर नमुना धावदोऱ्यानें शिवून अंगावर घालून बघावा. गळा किती खोल असावा, याविषयीं सासूचें मत एक व सुनेचें दुसरें असूं शकतें. हा वाद मांजरपाटावर झाला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दोघींचें एकमत झालें, कीं मगच पैठणीला कात्री लावावी.