परिचारिकेची विचारपूस कशी करावी?

आपल्या समाजातील कितीतरी लेकीसुना आज परिचारिकेचा पेशा पत्करतात. रोग्यांची विचारपूस करण्यात त्यांचा दिवस जातो. त्यांची विचारपूस मात्र क्वचितच होते. रात्रपाळी, अपुरे मनुष्यबळ, नातेवाइकांचा संताप, वरिष्ठांचे टोचणारे शब्द यांनी मनावर येणारा ताण हाही कामातला धोकाच होय. तो मोजण्याचे शास्त्र आहे, आणि ते शिकावे लागते.

आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. आदिलाबाद जिल्ह्यात उतनूरकडील डोंगरांत ही वस्ती गुड्यागुड्यांतून विखुरलेली. तेथील परिचारिकेला केवळ "झोप लागते का?" असे विचारून भागत नाही. अमेरिकन संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली असे मांडले की, कामाचा बोजा मोठा आणि त्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार अल्प, अशी जोडी जमली म्हणजे मनाचा ताण बळावतो. म्हणून "कामाच्या पाळ्या कोण ठरवितो? अडचणीत मदतीला कोण येते?" हेही विचारावयास हवे. पहिल्या प्रश्नाने दोष बाईच्या स्वभावाकडे जातो. दुसऱ्याने लक्ष व्यवस्थेकडे वळते.

पुढची अडचण भाषेची. या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू अशा भाषा नांदतात. "जीव घाबरा होतो" म्हणणारीला पुस्तकी "मानसिक ताण" परका वाटतो. यास्तव प्रश्नावलीचे भाषांतर दुसऱ्या जाणत्याकडून मूळ भाषेत उलटवून ताडून पाहावे लागते.

सर्वांत नाजूक बाब गुप्ततेची. कागदावर नाव नसले, तरी हुद्दा आणि गाव लिहिले की उपकेंद्रातील एकट्या परिचारिकेची ओळख पटतेच. मग खरे कोण सांगणार? उत्तरे वरिष्ठांनी गोळा करू नयेत, आणि अनेक केंद्रांची एकत्र करूनच मांडावीत, हा धडा संशोधकाने आधी गिरवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही कामाची व्यवस्था सुधारण्यावर आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे. पाळ्या बदलल्या, रात्री सोबत दिली, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारले, तरच संशोधन उपयोगी पडले म्हणावयाचे. आदिलाबादेत २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तरुणांनी रोग्याची नाडी पाहण्याबरोबर ही विद्याही आत्मसात करावी, अशी आमची अपेक्षा आहे. सेवा करणारी खचली, तर सेवा कोठून मिळणार?