कायदेशीर होतं, मग लोक चिडले का?

आज एकच शब्द समजून घेऊ: 'नॉन-डॉम'.

राहायचं ब्रिटनमध्ये, पण माझं मूळ घर दुसऱ्या देशात आहे, असं कर खात्याला सांगायचं. मग परदेशातली कमाई ब्रिटनमध्ये आणली नाही, तर तिच्यावर तिथला कर नाही. बरीच वर्षं राहिलात, तर या सवलतीसाठी वर्षाला किमान ३०,००० पौंड मोजायचे. आता ही सोय कोणाला परवडणार, ते तुम्हीच ओळखा.

एप्रिल २०२२. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ऋषी सुनक अर्थमंत्री होते. १ तारखेला वीज-गॅसची दरमर्यादा ५४ टक्क्यांनी वाढली. ६ तारखेला पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्स सव्वा टक्क्याने वाढला. तो निर्णय सुनक यांच्याच सरकारचा. आणि त्याच आठवड्यात बातमी फुटली, की त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती नॉन-डॉम आहेत. इन्फोसिसमध्ये त्यांचे साधारण ०.९ टक्के शेअर्स.

यात बेकायदा काहीच नव्हतं. मला वाटतं, लोकांना तेच जास्त झोंबलं. नर्सच्या, बस ड्रायव्हरच्या हातात पगार कर कापूनच पडतो. आणि कर वाढवणाऱ्याच्या घरात मात्र पळवाट होती, तीही कायद्यातच लिहिलेली.

दोनच दिवसांत अक्षता यांनी जगभरातल्या कमाईवर ब्रिटनमध्ये कर भरेन, असं जाहीर केलं. एप्रिल २०२५ पासून नॉन-डॉम पद्धतच बंद झाली.

म्हणून कराची बातमी ऐकली की 'कायदेशीर आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. 'ही सवलत नेमकी कोणाला परवडते?' हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!