दोन जिवांचं घर (भाग ६) : तिचं ताट आधी वाढा

पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ आणि त्या काळात पोटात काय टिकतं, हे मागच्या भागात पाहिलं. चौथा महिना सरत आला की ओकाऱ्या थांबतात, तोंडाला चव येते आणि भूक लागायला लागते. बाळाची वाढ यापुढे जोरात होणार असते, त्यामुळे ही भूक वेळेवर भागली पाहिजे. पण नेमकी इथंच घरातली जेवणाची रीत आड येते. आधी पुरुष, मग लेकरं, मग म्हातारी माणसं आणि सगळ्यांचं आटोपल्यावर सून. तिच्या वाट्याला भाकरी उरते, पण वरण तळाशी गेलेलं असतं आणि भाजी संपलेली असते.

हा भाग केनवडकडे बघत लिहितो आहे. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. भोवती खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अंगणवाडी आहे, आशाताई आहेत. वाशीमचं नाव 2018 साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं. त्या यादीतल्या जिल्ह्यांची प्रगती ज्या गोष्टींवर मोजतात, त्यांत गरोदर बाईची पहिल्या तिमाहीत नोंदणी झाली का, तिला पूरक आहार मिळतो का, हेही येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पोटुशी बाईला लागतं ते बहुतेक अन्न केनवडच्या शिवारात पिकतं. ते तिच्या ताटात वेळेवर पडतं की नाही, हे घरात ठरतं. आणि घर तरुण असेल, दोघांचंच किंवा दोघांच्या बोलण्याला किंमत असलेलं, तर ते नवराही ठरवू शकतो.

याला आपल्याच महाराष्ट्रातला भक्कम आधार आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा अभ्यास केला. शेतकरी घरातल्या या बाया अंगानं बारीक होत्या, गरोदरपणाआधीचं त्यांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची. काय खाल्लं, किती खाल्लं याची नोंद अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात केली होती. 2001 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा दिसलं, की एकूण उष्मांक किंवा प्रथिनं किती पोटात गेली याचा बाळाच्या आकाराशी सरळ संबंध लागत नाही. संबंध लागला तो अठराव्या आठवड्यातल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या पालेभाज्या नि फळांशी. ज्या बायांना हे वारंवार मिळालं, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश बायांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. हे जीवनसत्त्व दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणातून मिळतं, धान्यातून आणि भाजीपाल्यातून मिळत नाही.

म्हणजे ‘दोन जिवांची आहे, दोघांचं खा’ म्हणून भाकरीवर भाकरी वाढत राहणं पुरेसं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं गरोदर बाईला रोज साधारण 350 उष्मांक जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध यांत ते जवळपास भागतात. प्रश्न वाटीतल्या वरणाचा आणि पेलाभर दुधाचा आहे. घरचं दूध डेअरीला जातं, अंडी गिऱ्हाइकाला जातात, सोयाबीन बाजार समितीत जातं. घर चालायला हा पैसा लागतो, हे खरं आहे. तरी त्यातलं अर्धा लिटर दूध नऊ महिने घरात ठेवायचं, असा निर्णय घरानं घेतला पाहिजे. तो घ्यायचा तर दूध घालायला जाणाऱ्या माणसानं घ्यायला हवा.

आता चुलीपाशी जाऊ. वऱ्हाडी स्वयंपाक या काळाला फार सोयीचा आहे. तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून वाफवलेले फुणके आणि सोबत ताकाची कढी, हे एका बैठकीत डाळीचं प्रथिन आणि ताकातलं बी-12 दोन्ही देणारं जेवण. तेल थोडं, पचायलाही हलकं. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या की रात्री जड जेवण नको वाटणाऱ्या बाईला त्या जातात. जवसाची आणि तिळाची चटणी भाकरीबरोबर रोज असावी. मुगाची, मटकीची मोड आलेली उसळ असावी. मोड आणल्यानं धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, म्हणून तेवढ्याच मटकीतून अंगाला जास्त लोह लागतं. वर लिंबू पिळलं तर आणखी फायदा. लिंबातलं क जीवनसत्त्व शाकाहारातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं.

अंबाडीची भाजी आपल्याकडे आवडीची. तिचा आंबटपणा मोडायला ती उकडतात, पाणी पिळून टाकतात आणि मग डाळ-कण्या घालून लसणाची फोडणी देतात. उकडल्यानं ऑक्झॅलेटही कमी होतं, म्हणून ही रीत चुकीची नाही. पण त्या पाण्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही जातं. म्हणून आठवड्यात फक्त अंबाडीवर भागवू नका. मेथी, चवळाई, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात बांधावर उगवणारा कोवळा तरोटा, घोळ यांच्या भाज्या आधी धुऊन, मग चिरून, झाकण ठेवून थोड्याच पाण्यात शिजवा आणि ते पाणी भाजीतच आटू द्या. फवारणी झालेल्या वावरातला पाला मात्र तोडू नका. सोयाबीनवर तणनाशक आणि कीटकनाशक मारलेलं असतं, त्याच्या धुऱ्यावरची तरोट्याची भाजी या दिवसांत नकोच.

सोयाबीनबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. त्याच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. सगळं शिवार त्यानं भरलेलं असतं आणि घरच्या स्वयंपाकात ते फारसं नसतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात, त्यामुळे ते खाल्लं की पोट बिघडतं आणि ‘आपल्याला सोसत नाही’ असं ठरून जातं. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, पाणी काढून टाकायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि दळणात नऊ किलो गव्हामागे एक किलो घालायचं. पोळीची चव फारशी बदलत नाही. बियाण्यासाठी औषध लावून ठेवलेलं सोयाबीन चुकूनही दळणात जाता कामा नये. ही राखण आणि हे दळण दोन्ही नवऱ्यानं स्वतःकडे घ्यावं. गिरणीवरून डोक्यावर दळण आणणं तसंही या बाईचं काम नाही.

लाल गोळीकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायांमध्ये रक्तक्षय आढळला. जवळजवळ निम्म्या! म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा शिरेतून लोह देतात. गोळीनं शौचाला काळं होतं. ते रक्त नाही, औषधाचा परिणाम आहे. पोट जड वाटत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. आणि जेवणावर चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. वावरातून आल्यावर भाकरी खाऊन लगेच कपभर चहा ही सवय सगळ्या घराचीच आहे. ती एकट्या तिला मोडायला सांगण्यापेक्षा घरानं चहाची वेळच तासभर पुढे ढकलावी.

डोहाळे लागतात तेव्हा कुणाला चिंचा-बोरं हवी असतात, ती खुशाल द्यावीत. पण काही बायांना भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्या हे लपून खातात, कारण घरात हसतात किंवा रागावतात. हा पोरकटपणा नाही. अंगात लोह कमी पडल्याचं ते पुष्कळदा लक्षण असतं, आणि मातीतून जंतही होऊ शकतात. असं काही बायकोनं सांगितलं तर रागावू नका, आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. केशरानं बाळ गोरं होतं, हे मात्र खरं नाही. त्या पैशांत महिनाभराची केळी आणि पेरू येतात. पिकलेली पपई चालते, कच्च्या पपईचा चीक टाळावा. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल’ या भीतीनं शेवटच्या महिन्यांत ताट कमी केलं जातं. हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण आपल्याकडे बाळ फार मोठं होण्यापेक्षा अडीच किलोच्या खाली जन्मण्याचाच धोका मोठा आहे. पोट वर आलं की एका वेळी जेवण जात नाही, म्हणून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, ताक.

गॅस आला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवर, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांवर होतं. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो म्हणून. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो, आणि धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायांची बाळं वजनानं कमी असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पाणी तापवणारी चूल अंगणात न्यावी आणि ती नवऱ्यानं पेटवावी. बिडी घरात नको. तिला मशेरीची किंवा तंबाखूची सवय असेल तर तीही सोडवायला हवी. मुंबईतल्या गरोदर बायांच्या एका अभ्यासात, 2004 साली, न ओढता वापरायच्या तंबाखूनं बाळाचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं घटल्याचं दिसलं.

“आमी तं नव महिने वावरात निंदलं, आमाले काय झालं?” हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते म्हणणाऱ्या सासूबाईंबद्दल मला आदर आहे. त्यांनी ते खरोखर सोसलेलं आहे, आणि त्यांच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण पुण्याच्या त्याच अभ्यासात शेतकाम, पाणी आणणं, घरकाम यांचीही नोंद होती, आणि ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त होता त्यांची बाळं वजनानं कमी भरली. सासूबाईंना हे वाद घालून पटत नाही. मुलानं स्वतः कळशी उचलली, कुकर लावला, ताट वाढलं की हळूहळू पटतं. गावात लोक बोलतील. बोलू द्यावं. वरण-भात, मोडाची उसळ, उकडलेली अंडी आणि कढी एवढं ज्याला येतं, त्याच्या घरी बायको उपाशी झोपत नाही. भाकरी थापायला वेळ लागतो, ती मागून शिकता येते.

सरकारी मदतही याच महिन्यांत पदरात पाडून घ्यायची असते. अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला अंगणवाडीतून पूरक आहार मिळायला हवा. ते पाकीट सगळ्या घरात वाटलं गेलं तर तिच्या वाट्याला चमचाभरच येतं, म्हणून ते तिच्या नावानं वेगळं ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 रुपये मिळतात. हे पैसे तिच्या खात्यात येतात आणि ते तिच्या दुधा-अंड्यांवरच खर्च व्हावेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची तपासणी डॉक्टर करतात. त्या दिवशी सोबत जा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे तिन्ही आकडे तुम्हालाही माहीत असले पाहिजेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात ती जाईल. जाताना साड्या आणि लाडवांच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, तपासणीचे कागद, महिनाभराच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या ठेवा. माहेरच्या आशाताईंचा नंबर तिच्याआधी तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या. रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी आली, चेहरा सुजला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. दवाखान्यात जायला-यायला 102 ची गाडी फुकट आहे, आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर आईचं जेवणही फुकट मिळतं.

पुढच्या भागात बाळंतिणीच्या आहाराकडे वळू: डिंक, अळीव, शेपू आणि पाणी कमी द्यायची चुकीची रीत. तोवर ज्या घरात कुणी पोटुशी आहे, त्या घरातल्या पुरुषांनी आज रात्रीपासून तिचं ताट आधी वाढावं, आणि ती जेवायला बसल्यावरच आपण बसावं.