माणसे थोडी, दिवे फार

निपाणीहून महामार्गाने बेळगाव ओलांडून धारवाडच्या दिशेने निघाले की हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधाची भव्य वास्तू दृष्टीस पडते. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते, ते बहुधा दहाबारा दिवसांचे. पुढे काही सरकारी कार्यालये येथे आली खरी. तथापि अधिवेशनातील गर्दी आणि एरवीची वर्दळ यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. वास्तू बांधण्यासंबंधीचा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे : अशा इमारतीत माणसे घटली की विजेचा खर्चही त्याच मानाने कसा घटवावा?

स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. विधानसभेचे २२४ व विधानपरिषदेचे ७५ सभासद सारे हजर राहिले, तर एकट्या त्यांचीच उष्णता जवळजवळ ३० किलोवॅट होते; म्हणजे एकेक किलोवॅटच्या तीस शेगड्याच! हवा खेळविणारी व गार करणारी यंत्रे या गर्दीच्या हिशेबाने निवडावी लागतात. पण तीच यंत्रे चार कारकुनांसाठी चालविणे म्हणजे एका कप चहासाठी लग्नातले पातेले चुलीवर चढविणे होय. म्हणून एका अवाढव्य यंत्राऐवजी लहान लहान अनेक यंत्रे बसवावीत व लागतील तेवढीच चालवावीत.

पंख्याचे गणित तर विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे. हवेच्या नळीतील पंख्याची गती निम्मी केली, तर त्याला लागणारी शक्ती निम्मी होत नाही. ती सुमारे एकअष्टमांश होते. आता गती किती ठेवावी, हे यंत्राला कळावे कसे? श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडवरून. बाहेरच्या हवेत तो दर दहा लक्ष भागांत ४२० च्या आसपास असतो. माणसांनी भरलेल्या कोंदट खोलीत हजाराच्या वर सहज जातो. हे प्रमाण मोजणारे उपकरण पंख्याला जोडले की गर्दीप्रमाणे हवा मिळते. दिव्यांसाठी हालचाल ओळखणारी उपकरणे आहेत. मात्र निश्चल बसून वाचणाऱ्याला ती कधी कधी गैरहजर समजतात आणि बिचाऱ्याला हात हलवून आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते!

डिसेंबरात बेळगावची हवा मुळातच थंड असते. उघडणाऱ्या खिडक्या असल्या, तर तेव्हा यंत्रांचे पुष्कळसे काम वारा फुकट करतो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र यंत्राचा नव्हे. माणसे थोडी असतील त्या दिवसांत सर्वांनी एकाच मजल्यावर बसावे आणि उरलेल्या मजल्यांची वीज बंद ठेवावी. याला खर्च नाही; फक्त प्रत्येकाने आपली स्वतंत्र खोली सोडण्यास तयार झाले पाहिजे, आणि आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे.