पुस्तक गप्प असते तेव्हा
खेळ मांडताना : लेखांक ५

गेल्या लेखांकात आपण भूमिका-खेळातले फासे आणि त्यांमागचे गणित पाहिले. आता त्याच खेळातला सर्वांत वादाचा प्रश्न घेऊ. नियमपुस्तकात छापलेले एक आणि प्रसंगात उघड दिसणारे दुसरे, असे झाले तर कोणते मानायचे? माझ्या मते अशा वेळी गेममास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, निर्णय वरचढ ठरला पाहिजे. मात्र तो उघड, सकारण आणि सर्वांना सारखा लागू होणारा हवा. बुद्धिबळात घोडा कुठे जाऊ शकतो हे आधीच ठरलेले असते. भूमिका-खेळात तसे नसते. खेळाडू आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतो, आणि माणसाला जे जे सुचेल ते सारे तो सांगू शकतो. या सगळ्याची यादी कोणतेही पुस्तक करू शकत नाही, म्हणूनच टेबलाशी निर्णय देणारा एक माणूस बसवावा लागतो.

हे आजचे मत नाही, या खेळाच्या पूर्वजांचा इतिहासच तसा आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत, पंच नकाशावर तुकड्या हलवी आणि फासे व कोष्टके पाहून हानी ठरवी. पुढे नियमांचा भार इतका वाढला की युद्धाचा अनुभव असलेल्या पंचालाही स्वतःची समज वापरायला जागा उरेना. 1873 मध्ये त्याच सैन्यातले मेकेल यांनी या जाचावर टीका केली आणि 1876 मध्ये तिथलेच फेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी बहुतेक कोष्टके बाजूला सारून पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त प्रकार मांडला. 1969 मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक गावावर खेळ मांडला, तेव्हा दोन खेळाडूंनी अचानक द्वंद्वाची मागणी केली. त्यासाठी नियम नव्हता; वेसलींनी तो जागच्या जागी ठरवला. वेसलींच्या खेळाडूंमधलेच डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे कर्ते झाले.

आता हाच खेळ बुलढाणा जिल्ह्यात मांडून पाहा. कथा लोणारच्या विवरात घडते आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा, बेसाल्ट खडकातला तो खोलगट भाग, कडेचा निसरडा उतार, तळाशी कमळजादेवीचे मंदिर आणि खारे, अल्कधर्मी पाणी. शत्रूने कोंडीत पकडल्यावर एक खेळाडू म्हणतो, ‘मी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या डोळ्यांवर मारतो.’ पुस्तकात तलवारीचा वार आहे, तळ्याच्या पाण्याचा नाही. ‘नियम नाही, म्हणून काही होत नाही’ असे म्हणणारा गेममास्टर लोणारचेच पाणी नाकारतो. त्याने म्हणावे, ‘हे पाणी डोळ्यांत झोंबते. फासा टाक, नेम लागला तर पुढच्या वारापर्यंत त्याला नीट दिसणार नाही.’ तसेच काळ्या मातीचे. पुस्तक अवघड जमिनीवर वेग निम्मा करते. पण आषाढातल्या पावसानंतर चिखलीजवळच्या शेतात माणूस पाय ओढत का होईना पुढे जातो आणि भरलेली बैलगाडी मात्र रुतते. मे महिन्यात त्याच शेतात भेगा पडलेल्या असतात आणि गाडी सरळ निघते. परदेशात बसून लिहिलेल्या नियमाला ही जमीन ठाऊक नाही. ती ज्याला ठाऊक आहे, त्याने बोलले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप पक्षपाताचा आहे. एकाच माणसाच्या हाती निर्णय दिला तर तो मित्राला झुकते माप देईल. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय पद्धतीत आहे. फासा टाकण्याआधी काय लागेल आणि हरल्यास काय होईल, हे सांगून टाकावे. दिलेला निर्णय वहीत टिपावा आणि तोच प्रसंग पुन्हा आला की तोच लावावा, मग पाणी मारणारा खेळाडू असो की शत्रू. वाद असेल तर एका वाक्यात कारण देऊन खेळ पुढे न्यावा आणि सविस्तर चर्चा डाव संपल्यावर करावी. फासा पडल्यानंतर, निकाल आवडला नाही म्हणून नियम फिरवणे हा विवेक नव्हे, ती फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप असा की मग पुस्तक हवेच कशाला? पुस्तक हवे, कारण त्यामुळे आपल्या पात्राला काय जमते याचा अंदाज खेळाडूला बांधता येतो. ज्याने तिरंदाजीत कौशल्य मिळवले त्याचा बाण प्रत्येक वेळी गेममास्टरच्या मर्जीवर सोडणे अन्यायाचे आहे. म्हणून निर्णयाची जागा दोनच ठिकाणी : पुस्तक गप्प असेल तिथे, आणि पुस्तकाचा निकाल प्रसंगात उघडच अशक्य ठरेल तिथे. तिसरा आक्षेप नवशिक्यांचा : अनुभवच नसेल तर निर्णय द्यायचा कसा? फेर्दींच्या मुक्त प्रकाराची भिस्तही पंचाच्या अनुभवावर होती, हे मान्यच केले पाहिजे. पण लिहिलेले नियमही मदत करतात : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 मधल्या पाचव्या आवृत्तीत वीस पैलूंच्या फाशासाठी सोपे काम 10, मध्यम 15, कठीण 20 अशी मापे दिली आहेत, आणि कोणते काम कठीण हे मात्र गेममास्टरवरच सोडले आहे. नवख्याने एवढ्या मापांवर सुरुवात करावी.

खामगाव, मेहकर, मलकापूर, कुठेही हा खेळ मांडणाऱ्या तरुणांना म्हणूनच एवढे सांगणे आहे : नियम आधी नीट वाचा, डावात अडलात तर पाने उलटत बसू नका, निर्णय द्या, त्याचे कारण सांगा आणि तो स्वतःलाही लावा. पुढच्या लेखांकात, खेळाडूंनी आपसांत ठरवायच्या मर्यादांविषयी.